तुम्ही तरी समंजस आहात!

दरवर्षी गणपतीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या घरी पोलीस ठाण्याचे एक पत्र येते. शिपाई ते हातोहात देतो आणि पोच म्हणून वहीत सही घेतो. पत्राचा मजकूर गेल्या वीस वर्षांत फारसा बदललेला नाही. आगामी सणांच्या पार्श्वभूमीवर शांतता समितीची बैठक आयोजित केली असून, आपल्या समाजातील प्रतिष्ठित व समंजस नागरिक या नात्याने आपण उपस्थित राहावे. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या हयातीत हे पत्र त्यांच्या नावाने येत असे. ते अल्लाला प्यारे झाले आणि पत्र आमच्या नावाने येऊ लागले. समंजसपणा आमच्या घरात वारसाहक्काने आला आहे, सातबाऱ्यावर तेवढी नोंद व्हायची राहिली आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीत आम्ही एक प्रश्न विचारला. सणापूर्वी मोहल्ल्यातल्या काही तरुणांना प्रतिबंधात्मक नोटिसा येतात, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी नाही. त्या वर्षी आलेल्या नोटिसांपैकी एक नोटीस अशा तरुणाच्या नावाची होती, जो तीन वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या आजाराने वारला होता. नोटीस त्याच्या आईच्या हातात पडली. बाई निरक्षर. सरकारी शिक्का पाहून ती कागद घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘भाई, इसमें क्या लिख्या है? उसका कुछ पैसा आनेवाला है क्या?’’ तिला काय उत्तर द्यावे ते आम्हांला सुचले नाही. बैठकीत उठून आम्ही एवढेच विचारले, की ही यादी कोण करते, ती तपासते कोण, आणि मेलेल्या माणसाकडून शांततेला कोणता धोका आहे?

अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. तो हसला आणि म्हणाला, ‘‘सर, तुम्ही तरी समंजस आहात. हा विषय इथं नको. वातावरण बिघडेल.’’

आणि आम्ही खाली बसलो. हे लिहिताना आजही मान खाली जाते, पण खोटे लिहिण्यात अर्थ नाही. आम्ही बसलो, चहा आला, बिस्किटे आली. नंतर मंडळांच्या कार्यकर्त्यांनी ध्वनिवर्धक रात्री किती वाजता बंद करायचा यावर तासभर कडाक्याचा वाद घातला. आवाज चढले, एकाने टेबलावर थाप मारली. ती आमच्याच आळीतली पोरे आहेत, आमच्या शाळेत शिकलेली, आणि त्यांनी वाद घातला याचे आम्हांला वाईट वाटले नाही. बैठका याचसाठी असतात. पण वातावरण बिघडेल असे त्यांना कोणी म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली, की मुस्लिम समाजाने बैठकीत समंजस भूमिका घेतली. आमची भूमिका कोणती होती? खाली बसण्याची.

तेव्हापासून या शब्दाने आमचा पिच्छा पुरवला आहे. शब्द मूळचा चांगला, खानदानी. संस्कृतातला. योग्य, न्याय्य, एकाचे दुसऱ्याशी नीट जुळणारे, असा त्याचा अर्थ. सामंजस्य त्याच घरचे. शांत बसणे, ऐकून घेणे, विषय सोडून देणे, यांतले काहीही मुळात त्या शब्दात नाही. उलट गंमत अशी, की रामायणात सगर राजाच्या मुलाची गोष्ट आहे, त्याचे नावच असमंज. हा राजपुत्र लोकांची लहान पोरे उचलून शरयू नदीत फेकून देई. शेवटी प्रजा राजाकडे गेली आणि तिने स्पष्ट सांगितले, की या राज्यात एक तर हा राहील, नाही तर आम्ही. राजाने मुलाला हद्दपार केले. आता या कथेत समंजस कोण? राजवाड्यावर जाऊन तोंडावर तक्रार करणारी प्रजा, हे शेंबडे पोरही सांगेल. पण त्या प्रजेला आमच्या तालुक्याच्या बैठकीत बसवले असते, तर चहा देऊन ‘तुम्ही तरी समंजस आहात’ असे सांगून घरी पाठवले असते, आणि पोरे नदीत पडत राहिली असती.

समंजस आणि समज यांचे मूळ वेगळे आहे, हे भाषेचे जाणकार सांगतात. पण मराठी कानाला ते सख्खे भाऊ वाटतात, आणि पोलीस ठाण्यात तर ते एकाच बाकावर बसतात. ‘समज देऊन सोडले’ हा तिथला रोजचा वाक्प्रचार. पोराला समज द्यायची आणि बापाला समंजस म्हणायचे. दोन्हींचा मतलब एकच.

आता हे विशेषण आमच्या नावाआधी कसे लागते ते पाहा. मराठी वर्तमानपत्रे उघडा. समंजस मुसलमान, सुजाण मुसलमान, राष्ट्रवादी मुसलमान, पुरोगामी मुसलमान. समंजस मराठा, समंजस ब्राह्मण, समंजस लिंगायत असे आपण कधी वाचतो काय? क्वचित. ज्या नामाला असे विशेषण सतत लावावे लागते, त्या नामाबद्दल लिहिणाऱ्याच्या मनात आधीच काही ठरलेले असते. आंब्याच्या पेटीवर गोड आंबा असे लिहिले तर खप वाढतो. कारल्याच्या पाटीवर गोड कारले असे लिहिले तर लोक हसतात आणि एखादा हौसेने चाखून बघतो. आम्ही ती चाखून बघण्याची कारली आहोत. आणि खरे दुःख हे, की आम्हांला हे विशेषण आवडू लागले. आम्ही ते मिरवू लागलो. ‘मी इतरांसारखा नाही’ असे न बोलता सांगण्याची ती सोय झाली. आमच्यासारख्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मंडळींना तर ती फारच सोयीची होती. परिसंवादाची निमंत्रणे येत, शाली मिळत, आणि सूत्रसंचालक आमची ओळख समंजस विचारवंत अशी करून देत.

महाराष्ट्राला हा शब्द नेहमीच असा बसका माहीत होता असे नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काँग्रेसमध्ये नेमस्त आणि जहाल असे दोन तट होते आणि १९०७ साली सुरतेला ते फुटले. जहालांनी नेमस्तांना मवाळ म्हणून पुष्कळ हिणवले. पण नेमस्त गोपाळ कृष्ण गोखले काय करीत होते? १९०२ साली त्यांनी कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषण केले आणि सरकारच्या शिलकीचे कौतुक करण्याऐवजी, ही शिल्लक गरिबाच्या खिशातून आली आहे, हे आकड्यांनिशी मांडले. १९११ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले, पण मांडण्यापासून ते थांबले नाहीत. आणि मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष, पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, वृत्तीने पुरते नेमस्त. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. जामिनाचे आधीचे अर्ज नाकारले गेले होते. नंतरचा अर्ज तय्यबजींसमोर आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. टिळकांचे राजकारण त्यांना पटत होते असे नाही. सरकारला हे आवडणार नाही, हेही त्यांना कळत होतेच. समोरचा अर्ज त्यांनी वजनकाट्यावर ठेवला आणि काटा जे सांगत होता ते लिहिले. वातावरण बिघडेल म्हणून त्यांनी जामीन नाकारला असता, तर आज शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव तरी कशाला राहिले असते?

हे झाले मराठीतले. आपल्या दीनी भाषेतही या अर्थाचा एक मोठा शब्द आहे, आणि त्याची आठवण आपल्याला करून द्यावी लागते ही शरमेची बाब आहे. हलीम. आमच्या पोरांना हलीम म्हटले की रमजानातली वाफाळती वाटी आठवते, त्यांचा दोष नाही. अल्-हलीम हे अल्लाच्या पवित्र नावांपैकी एक आहे. हिल्म म्हणजे धीर, विवेक, हातात ताकद असूनही राग आवरणे. जुन्या अरबीत त्याच्या विरुद्ध शब्द जहल. जाहिल म्हणजे अडाणी, हा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. पण अरबांच्या लेखी जहल म्हणजे मुख्यतः डोके फिरणे, क्षणात तलवार उपसणे. ज्याने डोके फिरू दिले नाही तो हलीम. शांत आणि शहाणा माणूस या अर्थाला याहून नेमका शब्द दुसऱ्या भाषेत असेल की नाही, शंका आहे.

आता हा शब्द कुरआनात कुठे येतो ते बघू या. सूरह हूदमध्ये हजरत इब्राहीम यांचा प्रसंग आहे. फरिश्ते पाहुणे म्हणून येतात, मुलाची खूशखबर देतात आणि मग लूतच्या कौमवर अजाब येणार असल्याचे कळते. तेव्हा इब्राहीम त्या कौमसाठी हुज्जत घालू लागतात. कोणाशी? खुद्द अल्लाच्या दरबाराशी. आणि अगदी त्याच जागी, हुज्जतीच्या उल्लेखाला लागूनच, त्यांना हलीम म्हटले आहे. पुढे त्यांना हा विषय सोडायला सांगितले जाते. त्यांचे म्हणणे मान्य होत नाही. पण बोलले म्हणून त्यांचे हलीमपण गेले नाही. दुसऱ्यांच्या जिवासाठी बोलणारा माणूस, तेवढ्या मोठ्या दरबारात बोलणारा माणूस, त्याला कुरआन हलीम म्हणते. आमच्या मशिदींतून या प्रसंगावर बयान होते तेव्हा पाहुणचारावर अर्धा तास जातो, भाजलेल्या वासरावर जातो, या हुज्जतीवर दोन मिनिटेही जात नाहीत.

हा शब्द याच सूरहमध्ये थोडे पुढे पुन्हा येतो, आणि तिथे तो दुसऱ्याच तोंडी आहे. हजरत शुऐब मदयनच्या व्यापाऱ्यांना सांगतात, की माप पुरे भरा, वजनात मारू नका. मराठीत आपण म्हणतो मापात पाप, तेच. व्यापारी चिडतात. तुझी नमाज आता आमच्या मालमत्तेचे आम्ही काय करावे हेही सांगणार काय, असे विचारतात, आणि वर म्हणतात की तू तर मोठा हलीम, मोठा नेक माणूस! बहुतेक तफसीरकार हा टोमणा मानतात. आम्हांला त्यात टोमण्याइतकाच आमच्या बैठकीतला सूरही ऐकू येतो. तू तर शहाणा माणूस, तू कशाला मापाची भानगड काढतोस? मदयनचे व्यापारी आणि आमच्या तालुक्याची बैठक यांत चौदाशेहून कितीतरी जास्त वर्षांचे अंतर आहे, पण वाक्य तेच आहे. फरक एवढाच, की हजरत शुऐब खाली बसले नाहीत.

आमच्या काळातही न बसलेले लोक आहेत. ८ सप्टेंबर २००६ रोजी, जुम्याच्या दिवशी, शबे बरातला मालेगावात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली. गाव पेटले नाही, आणि त्याबद्दल मालेगावच्या मुसलमानांच्या संयमाची वाखाणणी झाली. पुढे त्याच गुन्ह्यात नऊ मुसलमान पकडले गेले. पाचेक वर्षे तुरुंगात काढल्यावर २०११ साली जामीन झाला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. एक जण तोवर हयात नव्हता. वाखाणणी करणाऱ्यांपैकी किती जण या दहा वर्षांत त्या घरांकडे फिरकले, हे आम्ही विचारत नाही. आम्ही स्वतः तरी कुठे गेलो होतो? वकिलांचे उंबरे झिजवत राहिले ते घरचे लोक आणि थोडे कार्यकर्ते. आम्ही संयमावर लेख लिहिला होता.

तसेच मुंबईचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत ९०० माणसे मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. त्यांत ५७५ मुसलमान होते आणि २७५ हिंदू. अहवाल १९९८ साली आला. झाले गेले विसरून जा, जखमेवरची खपली काढू नका, समंजसपणा दाखवा, हे आपण किती वेळा ऐकले? कोणी एक अर्जदार मात्र विसरला नाही. अहवालाची अंमलबजावणी व्हावी म्हणून २००१ साली दाखल झालेल्या अर्जावर नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा व सुव्यवस्था राखण्यात राज्य कमी पडले, असे म्हटले. १६८ माणसे बेपत्ता होती आणि त्यांपैकी फक्त ६० जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली होती. उरलेल्यांचे वारस शोधून भरपाई द्या, असा आदेश दिला. एकवीस वर्षे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपली म्हण आहे. या म्हणीवर विश्वास ठेवला असता तर त्या उरलेल्या घरांचा हिशेब कोणी मागितला असता?

इथवर वाचून काही वाचक खूश झाले असतील, कारण बोट बाहेरच्यांकडे आहे. आता ते आपल्याकडे वळवावे लागेल.

२०१५ सालची गोष्ट. आमच्या जमातीच्या पाच पंचांपैकी आम्ही एक होतो. शेजारच्या गावात दिलेली आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी दोन लेकरांसह माहेरी परतली. नवऱ्याने स्टॅम्प पेपरवर तलाक लिहून रजिस्टर टपालाने पाठवला होता. कारण काही लिहिले नव्हते. मुलगी आणि तिचा बाप जमातीपुढे आले. मागणे तीन गोष्टींचे: ठरलेला मेहर अकरा हजार, लग्नात दिलेली भांडी व कपाट, आणि लेकरांचा खर्च. नवऱ्याच्या बाजूने त्याचा चुलता आला होता, धंदेवाला माणूस, मशिदीच्या स्लॅबला त्याने सिमेंट दिलेले. बोलणी इशाच्या नमाजनंतर सुरू झाली ती रात्री बारापर्यंत चालली. शेवटी पाच हजारांवर तुटले, तेही दोन हप्त्यांत. कपाट परत येणार होते. ते आले नाही. लेकरांच्या खर्चाचा विषय ‘पुढे बघू’ म्हणून राहिला.

त्या रात्री मुलीला उद्देशून आम्ही एक वाक्य बोललो. ‘‘बेटी, समंजसपणा दाखव. ताणून कोणाचं भलं झालंय?’’ ती पडद्याआड बसली होती. ती एवढेच म्हणाली, ‘‘चाचा, हिसाब तो पूरा करो.’’

हिसाब पूरा करो. मदयनच्या व्यापाऱ्यांना जे सांगितले गेले तेच ती सांगत होती, आणि आम्ही तिला हलीम व्हायला सांगत होतो!

आम्हांला कायदा ठाऊक नव्हता असे नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पुढच्या आयुष्यासाठी वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतच्या मुदतीतच करून दिली पाहिजे, हा १९८६ च्या कायद्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली लावला, हे आम्ही व्याख्यानांतून सांगत होतो. तलाकला सबळ कारण हवे, आधी दोन्हीकडच्या हकमांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा आणि हे सगळे न्यायालयात सिद्ध करावे लागेल, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने २००२ साली दिला, त्यावर तर आम्ही लेख लिहिला होता. कुरआनात एक हकम नवऱ्याच्या घरचा, एक बायकोच्या घरचा असे सांगितले आहे, हेही त्या लेखात होते. त्या रात्री तिच्या घरचा हकम कोण होता? कोणी नाही. आम्ही पाचही जण मशिदीच्या स्लॅबखाली बसलो होतो. आणि त्या चुलत्याला, त्या नवऱ्याला, समंजसपणा दाखव असे आमच्यापैकी एकानेही म्हटले नाही. हा शब्द कमजोर बाजूकडेच का वळतो, याचे उत्तर शोधायला आम्हांला पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याची गरज नव्हती.

त्यानंतर २०१७ चा निकाल झाला, २०१९ चा कायदा झाला, त्यावरून उलटसुलट पुष्कळ लिहिले गेले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगीचा सर्वसाधारण कायदाही खुला आहे, असे पुन्हा स्पष्ट केले. सरकारच्या हेतूंबद्दल आम्हांलाही शंका आहेत आणि त्या आम्ही मांडल्या आहेत. पण आमच्या पोरींना कोर्टाच्या पायरीपर्यंत पाठवले कोणी? पाच हजारांवर तोडणाऱ्या आमच्यासारख्या समंजस पंचांनी. बाहेरचा माणूस आमच्या घरात शिरला अशी ओरड करताना, दार आतून कोणी उघडे टाकले होते, हे विसरून चालणार नाही.

आमचे काही मित्र या लिखाणाचा अर्थ असा घेतील, की आता समंजसपणा सोडा आणि रस्त्यावर या. काही तरुणांना ते आवडेलही. मोबाइलवर दहा सेकंदांची चित्रफीत बघून ज्यांचे रक्त उसळते, स्टेजवरून जजबाती तकरीर ऐकून जे रात्रभर नारे देतात आणि सकाळी वॉर्डातल्या उर्दू शाळेत शिक्षक आहे की नाही हेही ज्यांना ठाऊक नसते, त्यांच्यासाठी जुन्या अरबीत एक शब्द आहे आणि तो आम्ही वर सांगितला आहे. दगड मारणाऱ्याला हिशेब मागता येत नाही. तो दुसऱ्या दिवशी यादीत जातो, आणि या वेळी यादी खरी असते. स्टेजवरचा मौलवी तर कोणत्याच यादीत जात नाही, त्याची गाडी रात्रीच निघून गेलेली असते.

आम्हांला जो समंजस हवा आहे त्याचे एक उदाहरण भिवंडीत घडले. १९७० आणि १९८४ अशा दोन मोठ्या दंगली पाहिलेले हे गाव. नंतर तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत नेते आणि प्रतिष्ठित कमी होते, आळीत राहणारी साधी माणसे जास्त होती, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. सणाच्या आदल्या आठवड्यात चहा पिण्यापुरत्या या समित्या नव्हत्या. त्या नेहमी भरत आणि आपसातल्या लहान-मोठ्या भांडणांचा तिथे निकाल लागे. मुंबई जळत होती तेव्हा, १९९२-९३ साली, भिवंडी शांत राहिली. ज्यांना रोज बोलायला जागा होती, त्यांना त्या दिवशी कोणी समंजसपणा शिकवायला जावे लागले नाही. पुढे या प्रयोगाचे पुष्कळ कौतुक झाले, ठिकठिकाणी नक्कल झाली, आणि नकलेत नेमकी ती बोलण्याची जागा गळाली. राहिली ती शांतता समिती, ज्यात आम्ही बसतो.

यंदाचे पत्र परवा आले. त्यात तोच मजकूर आहे. आम्ही सही केली आणि शिपायाच्या हातीच एक अर्ज दिला. यादीची प्रत मिळावी, ती दरवर्षी कोणत्या आधारावर तयार होते ते लेखी कळावे, आणि मयताचे नाव कमी करावे, अशा तीन मागण्या त्यात आहेत. अर्जावर आमच्या सहीच्या वर त्या आईचा अंगठा आहे. ती बैठकीला येणार आहे. तिला यायला कोणी बोलावलेले नाही.

जमातीच्या नोंदवहीत २०१५ सालच्या त्या रात्रीची नोंद ‘प्रकरण समंजसपणे मिटले’ अशी आहे. अक्षर आमचे आहे. त्याखाली बाकी राहिलेले सहा हजार, कपाट आणि लेकरांचा खर्च लिहावा म्हणून आम्ही गेल्या महिन्यात वही मागितली. मुतवल्ली म्हणाले, ‘‘छोडो साब, पुरानी बात है. आप तो समझदार हैं.’’ वही अजून मिळालेली नाही. जुम्यानंतर पुन्हा जाणार आहोत. या वेळी मुलीचा बाप बरोबर असेल, आणि मुलगीही.